लोअरिंग स्प्रिंग बसवल्यानंतर पुढून येणारा टकटक आवाज : तपासणीचा क्रम

लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे कंपनीच्या स्प्रिंगेपेक्षा आखूड स्प्रिंग, घालून गाडी खाली बसवल्यावर पहिले दोन दिवस मालक खूश असतो. तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडावरच्या गतिरोधकावरून चाक उतरताना पुढून ‘टक्’ असा आवाज येतो, आणि तेव्हापासून गाणी बंद करून, काचा खाली घेऊन गाडी चालवणे सुरू होते. कोल्हापुरात सस्पेन्शनचे काम करताना हा एकच बिघाड माझ्याकडे इतक्या वेळा आला आहे, की ग्राहकाचे सांगणे पूर्ण होण्याआधीच मी त्याला विचारतो : आवाज जागेवर स्टिअरिंग वळवताना येतो, की चाक खड्ड्यात उतरताना येतो? या प्रश्नाच्या उत्तरावर निम्मा शोध संपतो. उरलेला निम्मा शोध पुढे सोप्याकडून अवघडाकडे, आणि फुकटाकडून खर्चिकाकडे, अशा क्रमाने मांडला आहे.

हे सर्व विवेचन मारुती सुझुकी स्विफ्ट समोर ठेवून केले आहे. तिच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअपच्या अंगावरच स्प्रिंग चढवलेली असते; मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाके जोडणारी आडवी तुळई) असतो आणि तिथे स्प्रिंग वेगळी व शॉकअप वेगळा असतो. बलेनो, पोलो, आय-ट्वेंटी यांची मांडणीही साधारण अशीच असल्यामुळे तपासणीचा क्रम त्यांनाही लागू पडतो. २०१८ साली आलेल्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची जागा, १६३ मिलिमीटर आहे. बाजारात मिळणारे बहुतेक संच गाडी ३० ते ४० मिलिमीटर खाली आणतात, म्हणजे रिकाम्या गाडीखाली एकशे तेवीस ते एकशे तेहतीस मिलिमीटर एवढीच जागा उरते. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक १०० मिलिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आपल्याकडे रातोरात टाकलेल्या डांबराच्या वळकटीला ना ती उंची माहीत असते ना ती रुंदी, त्यामुळे पोट घासल्याचा आवाज आणि सस्पेन्शनचा आवाज यांची गल्लत येथे नेहमी होते.

लक्षणे

गाडी उभी असताना किंवा अगदी सावकाश चालताना स्टिअरिंग पूर्ण वळवले असता ‘टंग्’ किंवा ‘डुम्म’ असा, तार सुटल्यासारखा आवाज येतो आणि त्याच क्षणी स्टिअरिंगला हलका झटका जाणवतो. हे पहिले लक्षण आहे आणि ते स्ट्रटच्या वरच्या टोकाकडे बोट दाखवते.

दुसऱ्या प्रकारात चाक खाली लोंबते तेव्हा आवाज येतो : गतिरोधकाच्या माथ्यावरून उतरताना, रस्त्याच्या कडेवरून चाक सुटताना किंवा जॅकने गाडी उचलताना. अशा वेळी स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल झाली आहे किंवा तिचे टोक जागेवर नाही, असा संशय घ्यावा. तिसऱ्या प्रकारात बारीक खडीच्या किंवा पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर सतत ‘टकटकटक’ असा हलका आवाज येतो, पण मोठ्या खड्ड्यात काहीच ऐकू येत नाही. हा बहुधा लिंक रॉडचा असतो, म्हणजे अँटी-रोल बारला (वळणावर गाडीचा कल रोखणाऱ्या आडव्या दांड्याला) स्ट्रटशी जोडणाऱ्या छोट्या दांड्याचा. चौथा म्हणजे दणका. मागे तीन माणसे बसली किंवा डिकी भरली, की प्रत्येक खड्ड्यात मणक्याला बसेल असा कोरडा दणका बसतो. तिथे शॉकअपची हालचाल संपून बंप स्टॉपवर (दांड्यावरच्या रबरी अडसरावर) आपटणे सुरू झालेले असते.

याशिवाय काही लक्षणे कानाला कळत नाहीत. टायर आतल्या कडेने खाऊ लागतो, सपाट रस्त्यावर हात सोडताच गाडी एका बाजूला ओढते, किंवा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा खाली दिसतो. आवाज असो वा नसो, ही लक्षणे आधी गांभीर्याने घ्यावीत.

पैसे न लागणारी तपासणी

सर्वप्रथम डिकी रिकामी करावी. जॅक, पाना, स्टेपनीखालची हत्यारांची पिशवी, पाण्याचा कॅन, सगळे बाहेर काढावे आणि ज्या रस्त्यावर आवाज येतो त्याच रस्त्यावर पुन्हा फेरी मारावी. हे वाचून हसू येईल, पण नव्या स्प्रिंगा कडक असल्यामुळे पूर्वी गप्प बसलेली प्रत्येक सैल वस्तू आता बोलू लागते. पुढची नंबर प्लेट, बॅटरीची पट्टी आणि इंजिनखालचे प्लॅस्टिकचे आवरण यांनी मला स्वतःला अर्धा-अर्धा दिवस फसवले आहे. या तीन वस्तू हाताने दाबून, हलवून पाहाव्यात.

नंतर मोजपट्टी घ्यावी. गाडी सपाट जागेवर उभी करून, स्टिअरिंग सरळ ठेवून, प्रत्येक चाकाच्या मध्यापासून त्याच्या वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांवर मोजावे आणि लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरमधील हवा कमी-जास्त असली की ते माप फसते. डाव्या-उजव्या बाजूंत चार-पाच मिलिमीटर फरक असेल तर काळजीचे कारण नाही. पुढच्याच पुढच्यात दहा मिलिमीटर किंवा त्याहून अधिक फरक दिसला, तर एका बाजूची स्प्रिंग वाटीत (तिच्या खालच्या बैठकीत) नीट बसलेली नाही, उलटी बसली आहे, किंवा डाव्या-उजव्या स्प्रिंगांची अदलाबदल झाली आहे, अशा तीन शक्यता उरतात. स्प्रिंगेवर छापलेली अक्षरे बहुतेक कंपन्यांच्या संचात सरळ वाचता येतील अशा बाजूने वर ठेवायची असतात. चाक पूर्ण वळवून, टॉर्च मारून चाकावरच्या कमानीतून पाहिले तर ती अक्षरे चाक न काढताही दिसतात आणि भाग क्रमांक संचाच्या खोक्यावरच्या तक्त्याशी ताडून पाहता येतो. काही संचांत डावी आणि उजवी स्प्रिंग वेगळी असते, म्हणून तो तक्ता शेवटपर्यंत वाचावा.

आता एका माणसाची मदत लागेल. बॉनेट उघडून, गाडी चालू ठेवून, हँडब्रेक ओढून, एकाने जागेवरच स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे आणि दुसऱ्याने स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगवर बोटे टेकवून ठेवावीत. माउंटिंगमधील बेअरिंग ठीक असेल तर बोटांना फक्त गुळगुळीत हालचाल जाणवते. ते अडकत असेल, तर स्प्रिंग आधी पिळली जाते, ताण साठतो आणि मग एकदम सुटतो. ‘टंग्’ होताना बोटांना जो ठोका बसतो तो एकदा अनुभवला की पुन्हा विसरला जात नाही. हा ठोका बसला तर मधल्या सगळ्या पायऱ्या सोडून थेट वरच्या माउंटिंगच्या परिच्छेदाकडे जावे.

याच वेळी बंद गाडीत, चाक पूर्ण वळवून, चाकामागून हात घालून लिंक रॉड मुठीत धरून जोराने हलवावा. दोन्ही चाके सपाट जमिनीवर असतात तेव्हा अँटी-रोल बारवर ताण नसतो, म्हणून बॉल जॉइंटमधला ढिलेपणा हातालाच कळतो. गाडी एका बाजूने उचलून हीच चाचणी केली तर बार पिळलेला असल्यामुळे झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. स्प्रिंगांमुळे लिंक रॉड बिघडत नाही. गाडी खाली आल्याने त्याचा बॉल आता वेगळ्या कोनात बसतो, आणि पन्नास-साठ हजार किलोमीटरची झीज जी जुन्या कोनात लपली होती ती उघडी पडते. लिंक रॉड स्वस्त असतो, पाना लागला की निघतो, आणि जोडीनेच बदलावा.

चाक काढून करावयाची तपासणी

येथून पुढे सुरक्षिततेचे काही नियम आहेत आणि त्यांत मी कोणालाही सूट देत नाही. गाडीबरोबर आलेला कात्रीचा जॅक फक्त गाडी उचलण्यासाठी असतो; उचलल्यावर गाडी घोडीवर (लोखंडी जॅक स्टँडवर) टेकवल्याशिवाय हातसुद्धा खाली घालू नये. विटा मागच्या चाकांना अडसर म्हणून लावायला चालतात, गाडीखाली आधार म्हणून कधीच चालत नाहीत, कारण वीट कुरकुर न करता एकदम फुटते. उतारावर किंवा मातीत हे काम करू नये.

पुढची दोन्ही चाके एकाच वेळी उचलावीत. एकच बाजू उचलली तर अँटी-रोल बार त्या चाकाला पूर्ण खाली येऊ देत नाही आणि स्प्रिंग सैल होते की नाही याचे खरे उत्तर मिळत नाही. दोन्ही चाके लोंबकळत असताना स्प्रिंग दोन्ही हातांनी धरून फिरवण्याचा आणि वर-खाली करण्याचा प्रयत्न करावा. ती जागची हलता कामा नये. ती हलत असेल, तर शॉकअप पूर्ण उघडलेला असतानाही तिच्यावर थोडा दाब उरायला हवा तो उरलेला नाही, असा अर्थ होतो. अशा गाडीत गतिरोधकाच्या माथ्यावर चाक लोंबले की स्प्रिंग क्षणभर मोकळी होते आणि चाक पुन्हा टेकताच वाटीवर आपटते. आवाज तिथूनच येतो. मागे हीच गोष्ट अधिक घडते, कारण तिथली स्प्रिंग शॉकअपवर नसून बीमवर नुसती उभी असते. मागची स्प्रिंग बोटाने फिरत असेल तर ती गाडी त्या संचावर चालवू नये. ती बैठकीतून निसटली तर आवाजाचा प्रश्न मागे पडतो आणि ब्रेकची नळी, टायर आणि तुम्ही स्वतः यांचा प्रश्न पुढे येतो.

यावर उपाय एकच आहे : त्या गाडीच्या तक्त्यात असलेला दुसरा संच किंवा लहान दांड्याचे शॉकअप. स्प्रिंगेच्या खाली-वर रबराचे तुकडे किंवा सायकलची ट्यूब कापून भरणे हा उपाय मी गाड्यांत पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी ते तुकडे काढून मालकाच्या हातात ठेवले आहेत.

स्प्रिंग घट्ट असेल तर तिचे खालचे टोक पाहावे. खालच्या वाटीत एक पायरी केलेली असते आणि स्प्रिंगेचे कापलेले टोक त्या पायरीला टेकलेले किंवा तिच्यापासून काही मिलिमीटरच दूर असावे. इचलकरंजीहून एक पांढरी स्विफ्ट आली होती. तिचे दोन्ही लिंक रॉड नवे होते, डावा लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा भाग) नवा होता, आणि कोणीतरी मालकाला स्टिअरिंग रॅक बदलण्याचाही सल्ला दिला होता. चाक काढून टॉर्च मारला तर डाव्या वाटीत टोक पायरीपासून दोन बोटे मागे होते आणि त्या मोकळ्या जागेत रंग उडून अर्धचंद्रासारखी चकाकी आली होती : स्प्रिंग प्रत्येक वळणावर तिथपर्यंत सरकत होती आणि परत येत होती. स्ट्रट उघडून टोक जागेवर लावले, नवी रबरी बैठक घातली आणि आवाज गेला. साडेचार हजारांचे जे भाग आधी बदलले गेले होते, त्यांत काही दोष नव्हता. म्हणूनच मी कोणताही भाग विकत घेण्याआधी वाटीकडे पाहायला सांगतो.

टोकाबरोबर रबरी बैठकही पाहावी. कंपनीच्या स्प्रिंगेखाली असलेले रबर नव्या स्प्रिंगेखाली परत घालायचे असते. घाईत ते जुन्या स्प्रिंगेला चिकटून तसेच गोणीत जाते आणि लोखंडावर लोखंड बसते. काही संचांतील स्प्रिंगेचे वरचे वेढे एकमेकांजवळ असतात आणि गाडीचे वजन आले की ते टेकतात. त्या वेढ्यांवर चढवायची रबरी नळी संचाबरोबर दिलेली असते. ती खोक्यातच राहिली असेल, तर बारीक खड्ड्यांवर चमचे वाजल्यासारखा आवाज येतो. रबरावर इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लावू नये, त्याने ते फुगते आणि मऊ पडते. लावायचेच असेल तर सिलिकॉन ग्रीस लावावे.

चाक निघालेलेच आहे, तर ब्रेकच्या नळीची आणि एबीएसच्या तारेची पट्टी स्ट्रटला परत लावली आहे का, हे पाहावे. ती लोंबत राहिली तर टकटक तर होतेच, शिवाय चाक वळताना नळी टायरला घासते. नळीवर घासल्याची खूण, चिरा किंवा आतला दोरा दिसला, तर गाडी तिथेच उभी ठेवावी आणि नळी बदलल्यानंतरच हलवावी. कमानीतले प्लॅस्टिक टायरला लागते का हे कळत नसेल, तर त्यावर पाटीवरचा ओला खडू जाडसर फासावा, स्टिअरिंग पूर्ण वळवून एक गतिरोधक ओलांडावा आणि खडू कुठे पुसला गेला ते पाहावे.

नट-बोल्ट, आणि ते कधी आवळले याचा प्रश्न

स्ट्रटला खाली स्टिअरिंग नकलशी (चाक ज्यावर बसते त्या भागाशी) जोडणारे दोन मोठे बोल्ट, वरच्या माउंटिंगचे नट, लिंक रॉडचे नट आणि चाकाचे नट हे टॉर्क रेंचने तपासावेत. आकडा त्या गाडीच्या त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्यावा, कारण एकाच नावाच्या गाडीच्या दोन पिढ्यांत तो बदलू शकतो. ‘हाताच्या अंदाजाने’ आवळलेल्या खालच्या बोल्टमुळे ब्रेक मारताना एकदाच ‘टक्’ आणि ब्रेक सोडताना एकदाच ‘टक्’ असा आवाज येतो. तपासून झाल्यावर प्रत्येक नटावरून बोल्टवर रंगाची एक बारीक रेघ ओढावी. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, हे पान्याशिवाय कळते.

याहून महत्त्वाचा मुद्दा लोअर आर्मच्या बूशांचा आहे आणि तो मी स्वतः चूक करून शिकलो. रबरी बूशाच्या मध्यभागी लोखंडी नळी असते. बोल्ट आवळला की ती नळी जागेवर जखडते आणि त्यानंतर आर्म वर-खाली होताना नळी फिरत नाही, तिच्याभोवतीचे रबर पिळले जाते. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर उतरताच ते रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते. गाडी खाली आणलेली असेल तर हा पीळ आणखी वाढतो. माझ्या स्वतःच्या गाडीत मी सगळे बोल्ट जॅकवरच आवळून मोकळा झालो होतो. आधी थंडीत सकाळी करकर सुरू झाली, मग तीन महिन्यांनी उजव्या बूशाला हाताचे बोट जाईल एवढी चीर पडली.

म्हणून स्प्रिंगा बसवताना लोअर आर्मचा किंवा मागच्या बीमचा बोल्ट सैल केला असेल, तर गाडीचे पूर्ण वजन चाकांवर असताना तो पुन्हा सैल करून आवळावा. त्यासाठी चाकांखाली घालायचे रॅम्प किंवा खड्ड्याची सोय लागते. ती नसेल तर हे काम गॅरेजात करून घ्यावे, पण बोल्ट वजनावर आवळायचे आहेत असे तोंडाने सांगावे. न सांगता ते होईल, असे गृहीत धरू नये.

दणक्याचा शोध

आवाज आपटण्याचा असेल तर शॉकअपची किती हालचाल शिल्लक आहे ते मोजता येते आणि त्यासाठी एक रुपयाची प्लॅस्टिकची केबल टाय पुरते. मागच्या शॉकअपचा धुळीचा पडदा वर सरकवून चकचकीत दांड्यावर टाय हलकी आवळावी, ती शॉकअपच्या बॉडीला टेकेपर्यंत खाली सरकवावी, आणि रोजच्या माणसांसह रोजच्या रस्त्याने एक फेरी मारावी. दांडा आत जाताना बॉडी त्या टायला वर ढकलते आणि ती सर्वांत वर जिथे पोहोचली तिथेच राहते. टाय बंप स्टॉपपर्यंत जाऊन चेपलेली सापडली, तर हालचाल संपते हे सिद्ध झाले. पुढच्या स्ट्रटवरही हे करता येते, मात्र तिथे पडदा वर धरून ठेवणे थोडे जिकिरीचे असते.

अनेक संचांच्या सूचनापत्रात बंप स्टॉप ठरावीक लांबीने कापायला सांगितलेले असते. न कापता बसवला तर गाडी उभी असतानाच त्यावर टेकते आणि प्रत्येक खड्डा थेट गाडीच्या बॉडीत येतो. पूर्ण काढून टाकला तर शॉकअपचा आतला पिस्टन तळाला आपटतो आणि काही महिन्यांत तेल गळू लागते. सूचनापत्रात लिहिली आहे तेवढीच लांबी कापावी. जुन्या शॉकअपवर कडक स्प्रिंग चढवली की तो तिचा उसळा आवरू शकत नाही. गतिरोधकानंतर गाडी एकदा वर येऊन थांबण्याऐवजी दोन-तीनदा डुलत राहिली किंवा दांड्याभोवती तेलकट धुळीचा लेप दिसला, तर शॉकअप जोडीने बदलण्याखेरीज मार्ग नाही.

कापलेल्या किंवा गॅसच्या ज्योतीने तापवून बसवलेल्या स्प्रिंगांबद्दल एवढेच सांगतो की त्यांचा आवाज मी शोधत नाही. कापल्यावर वाटीत बसणारे टोकच नाहीसे होते आणि तापवल्यावर पोलादाचा गुण जातो. अशी गाडी आली की कंपनीच्या स्प्रिंगा परत घालण्याचेच काम मी घेतो.

वरचे माउंटिंग, आणि कुठे थांबावे

स्टिअरिंग वळवताना बोटांना ठोका बसला असेल, तर माउंटिंगमधील बेअरिंग उलटे बसले आहे, एखादी चकती राहून गेली आहे, बेअरिंगमध्ये माती गेली आहे किंवा रबर फाटले आहे. न्यूमॅटिक गनने वरचा नट फिरवताना दांडाही बरोबर गरगर फिरला असेल तर शॉकअपचे सीलही जखमी झालेले असू शकते. दांड्याच्या टोकाला अ‍ॅलन की लावून तो धरायचा आणि नट पान्याने फिरवायचा, ही योग्य पद्धत आहे. एक लाख किलोमीटर चाललेले माउंटिंग नव्या स्प्रिंगेबरोबर परत घालणे ही काटकसर पुन्हा सगळे उघडायला लावते, म्हणून मी नेहमी स्प्रिंगांबरोबरच माउंटिंग आणि बेअरिंग नवीन घ्यायला सांगतो.

पण हे काम घरी करू नये. स्विफ्टच्या पुढच्या प्रत्येक चाकावर अडीचशे किलोच्या आसपास वजन असते आणि ते ती स्प्रिंग पेलते. स्ट्रटमध्ये दाबून ठेवलेली स्प्रिंग मोकळी झाली तर ती त्याच ताकदीने सुटते. गाडीतून काढलेल्या स्ट्रटचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता सैल करणे म्हणजे तो ताण स्वतःच्या चेहऱ्याकडे रोखणे आहे. लोअरिंग स्प्रिंग आखूड असल्यामुळे ती ‘सैलच असते’ असा समज आहे. काही असतातही, पण ते उघडण्याआधी कळत नाही. दोन हुकांचे स्वस्त कॉम्प्रेसर कमी जागेच्या वेढ्यांवरून घसरतात. भिंतीला पक्के बसवलेले कॉम्प्रेसर ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडेच स्ट्रट न्यावा.

आणखी काही ठिकाणी थांबावे. स्प्रिंग पूर्ण लोंबत्या स्थितीत सैल असेल, ब्रेकची नळी घासलेली असेल, खालच्या बोल्टचे आटे गेलेले असतील, लोअर आर्म किंवा नकल वाकल्याचा संशय असेल, एअरबॅग किंवा एबीएसचा दिवा लागला असेल, अशा प्रत्येक वेळी गाडी चालवत गॅरेजात न नेता टोइंगने न्यावी. काही जुन्या गाड्यांत मागच्या बीमला एका दांडीने जोडलेला, वजनानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी खाली आणली की त्याला ती भरलेली वाटते आणि रिकाम्या गाडीतही तो मागच्या चाकांना जास्त दाब देतो. पावसात मागची चाके आधी अडकू लागली तर तो व्हॉल्व्ह जाणकाराकडून पुन्हा लावून घ्यावा.

व्हील अलाइनमेंट

आवाज सापडला तरी अलाइनमेंट टाळू नये. गाडी खाली आली की चाकाचा वरचा भाग किंचित आत झुकतो आणि स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोन बदलल्याने टो, म्हणजे चाकांची पुढून आत किंवा बाहेर वळलेली दिशा, हलतो. टायर खाण्यात झुकण्यापेक्षा टोचा वाटा फार मोठा असतो. तळहात टायरच्या नक्षीवर आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवून पाहावा : एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखे लागले, तर टो बिघडला आहे. अलाइनमेंटला काही शे रुपये लागतात, टायरच्या जोडीला काही हजार. स्ट्रटचे खालचे बोल्ट ज्या ज्या वेळी उघडले, त्या त्या वेळी ती करावी. मागच्या टॉर्शन बीमला सहसा जुळवणी नसते, त्यामुळे मागचे आकडे बाहेर गेलेले दिसले तर बीम किंवा स्टब वाकला आहे का, हे विचारावे. त्याच दिवशी हेडलाइटचा झोतही भिंतीवर पाहून लावून घ्यावा.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी दूर नेणाऱ्या फेरफारांवर बंधने आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर कडक भूमिका घेतली. म्हणून स्प्रिंगा विकत घेण्याआधीच आरटीओकडे चौकशी करावी, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि वॉरंटीच्या अटी वाचाव्यात.

नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात. त्यानंतर चारही कोपरे त्याच मोजपट्टीने पुन्हा मोजावेत, रंगाच्या रेघा पाहाव्यात आणि आकडे जुन्या आकड्यांशेजारी लिहावेत. कंपनीच्या स्प्रिंगा, त्यांची रबरे आणि न कापलेले बंप स्टॉप भंगारात देऊ नयेत. तेलाचा हात फिरवून, पुढची-मागची, डावी-उजवी अशी चिठ्ठी प्रत्येकीला तारेने बांधून पोत्यात ठेवावेत; पासिंगच्या वेळी, गाडी विकताना किंवा वरचे सगळे करूनही आवाज गेला नाही तर तेच पोते आधी उघडावे लागते.